गौरी-गणपतीचा कचरा: निर्माल्य, नारळ, उरलेलं पुरण आणि मूर्तीची बादली

शेवरी
गणपतीला अजून पंधरा दिवस आहेत म्हणून आत्ताच धागा काढतेय. विसर्जनानंतर काढला तर चर्चा छान होते, पिशवी मात्र तोवर गेलेली असते. त्या पिशवीत काय असतं ते डोळ्यांसमोर आणा: हार, पंचामृतात भिजलेली पत्री, करवंट्या, उदबत्तीच्या काड्या, मखराचे तुकडे आणि कालचा भात. यातल्या प्रत्येक वस्तूची वेगळी सोय लागते. एकत्र कालवल्या की मग एकच वाट उरते, कचऱ्याच्या गाडीची. म्हणून पूजेच्या जागेजवळ पहिल्या दिवसापासून दोन टोपल्या ठेवा. एक फुला-पानांची, दुसरी दोरे, जर, टिकल्या, जिलेटीनचा कागद, वातींची पाकिटं यांची.

आधी निर्माल्याची बादली. २० लिटरची जुनी प्लास्टिकची बादली, कडेनं आणि बुडाला साधारण बोटभर अंतरावर ६ ते ८ मिलिमीटरची भोकं. बुडाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर. यातून पाणी निथळतं आणि हवा शिरते. मग घमेल्याच्या मापानं एक भाग निर्माल्य, दोन भाग कोरडा पाला. वजनानं मोजू नका. पाला हलका असतो, फसायला होतं. वर मूठभर जुनं खत किंवा बागेतली माती. दर चार-पाच दिवसांनी खालचं वर करायचं. मूठ दाबली तर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त, काहीच ओल आली नाही तर शिंपडा. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं.

घालण्याआधी हार सोडवायलाच हवेत. झेंडूच्या पाकळ्या आठवड्यात विरतात, पण खालचा हिरवा देठ दोन महिन्यांनंतरही जसाच्या तसा सापडतो. तो चुरगाळून टाका. दोरा सुती आहे की नायलॉनचा हे कळत नसेल तर टोक पेटवून बघा. सुती दोरा जळून राख होते, नायलॉन वितळून टोकाला गोळी धरतं. रांगोळी बादलीत नको, ती दगडाची पूड. बाजारातलं रंगीत कुंकू फुलांवर भरपूर पडलं असेल तर ती फुलं वेगळी काढा.

अंगणवाट
पालाच तर मिळत नाही ना! भाद्रपदात झाडाखाली जे पडतं ते चिंब असतं. फ्लॅटवाल्यांनी काय करायचं?

शेवरी
पाला माघ-फाल्गुनात पोत्यात भरून ठेवायची वस्तू आहे, हे खरं. आत्ता असेल ते वापरा. पुठ्ठ्याचे नखाएवढे तुकडे, वर्तमानपत्राच्या पट्ट्या (गुळगुळीत रंगीत पुरवणी नको), नाहीतर वखारीतला लाकडाचा भुसा. भुसा प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) ५ किलोची वीट भिजून ६०-७० लिटर होते, एका घराला दोन वर्षं पुरेल. पण भिजवून घालू नका. विळीनं कोरडीच खरवडा, निर्माल्यातलं पाणी ती आपोआप शोषते.

वासावरून काय चुकलंय ते कळतं. डोळ्यांना झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तर पाला किंवा पुठ्ठा कमी पडलाय. सडका, आंबट वास आला तर हवा नाही. उपसा आणि मोकळं करून परत भरा. पांढऱ्या-करड्या जाडसर अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या घाणीवरच्या माशीच्या नव्हेत. वरती पुठ्ठ्याचा कोरडा थर टाकला की त्या खाली जातात.

पाणकणीस
विरजण म्हणून आंबट ताक घालतात ते राहिलं का?

माळीबुवा
घातलंत तर बिघडत नाही, पण ताकावाचून अडतही नाही. जुनं खत मूठभर घातलं की लागणारं सगळं त्यात असतं. ताकानं चिलटं येतात ती वेगळीच.

मला दूर्वांबद्दल सांगायचंय, तो घोळ फार जणांकडे होतो. दूर्वा ही हरळी आहे. पेराशी पेरं फुटतं. बादलीतलं खत इतकं तापत नाही की ती मरावी. खत कुंडीत घातलं की महिन्याभरात कुंडीभर हरळी, आणि ती गुलाबाच्या मुळांतून उपटताना गुलाबच उपटून येतो. ऊन असेल तर दूर्वा तीन-चार दिवस गच्चीत वाळवून कुरकुरीत करा. पाऊस लागला असेल तर वेगळ्या डब्यात पाण्यात पूर्ण बुडवा, वर दगड ठेवा, दहा-बारा दिवसांनी कुजलेला लगदा बादलीत ओता. वास येतो, झाकण घट्ट लावा. झेंडूचं बीही असंच वाचतं, पण झेंडू उगवला तर कोणी तक्रार करत नाही.

कर्दळीचे आणि केळीचे खांब म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. सुरीनं दोन बोटं जाडीच्या चकत्या करा आणि दुप्पट पुठ्ठा घाला, नाहीतर बादलीखाली काळं पाणी साचतं. आंब्याचे टाळे उलट चिवट. वाळवून हातानं चुरा, मग ते पाल्याच्या जागी चालतात.

गोठण
एक कळकळीची विनंती. निर्माल्य गाईला घालू नका. एकवीस पत्रींत कण्हेर, धोत्रा, रुई असतात, तिन्ही विषारी. कण्हेरीची तर थोडी पानंही जनावराला भारी पडतात. उरलेला भात आणि पुरणपोळ्या घमेलंभर ओतणं हेही पुण्यकर्म नव्हे. सवय नसताना इतका पिठाळ माल एकदम पोटात गेला की कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, जनावर बसतं. एक पोळी गोग्रास म्हणून, तेवढं पुष्कळ.

खवणी
शेवरीताई, तुम्ही निर्माल्यापासून सुरुवात केलीत, पण वजनानं जास्त वाया जातं ते स्वयंपाकघरात. आणि तिथलं बरंचसं वाण्याच्या यादीतच ठरून गेलेलं असतं.

गौरीच्या दिवशी २० माणसं जेवायला धरली तर माझा हिशोब असा. १ किलो हरभऱ्याची डाळ आणि त्याला ९०० ग्रॅम ते १ किलो गूळ, यात लिंबापेक्षा मोठा गोळा भरून २८-३० पोळ्या होतात. माणशी दीड-पावणेदोन पोळी जाते, म्हणजे सव्वा किलो डाळ भरपूर. पुरणपोळी असेल त्या दिवशी भात कमी लागतो. माणशी ५० ग्रॅम तांदूळ, वरणभात आणि आमटीभात धरून १ किलो. एरवीच्या सवयीनं दोन किलोचा कुकर लावला की निम्मा भात दुसऱ्या दिवशी फोडणीत. कटाची आमटी माणशी एक वाटी, तीन लिटर. कोशिंबीर चिरून ठेवा, पण मीठ आणि दही पंगतीगणिक निम्म्या-निम्म्याला घाला. मीठ लागलेल्या काकडीला तासाभरात पाणी सुटतं आणि मग ती वाडग्यात तशीच राहते.

सोळा भाज्यांची खरेदी तर हमखास बिघडते. २० ताटांना माणशी १०० ग्रॅम म्हणजे एकूण २ किलो भाजी, म्हणजे प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम. सव्वाशे ग्रॅम लाल भोपळा, सव्वाशे ग्रॅम सुरण, दोन पडवळाचे तुकडे कोणी देत नाही, म्हणून सगळं पाव-पाव नि अर्धा-अर्धा किलो घरी येतं. मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून आणून वाटून घ्या. हे काम आदल्या संध्याकाळी जिन्यात बसून अर्ध्या तासात होतं.

सांडगा
हिशोब ठीक आहे हो, पण पंगतीत कमी पडलं तर? माहेरवाशिणीच्या जेवणात पोळी संपली म्हणून सांगायचं का?

खवणी
नाही, अजिबात नाही. कमी पडायची भीती शिजवलेल्या अन्नानं भागवू नका, कच्च्या तयारीनं भागवा. अर्धा किलो पुरण आणि तिंबलेली कणीक झाकून बाजूला ठेवा, तवा गरम ठेवा. पोळी लाटून भाजायला चार मिनिटं लागतात. लागली नाही तर पुरण फ्रीझरमध्ये, कणकेच्या रात्री साध्या पोळ्या. अर्धा किलो तांदूळ धुवून निथळत ठेवा, वीस मिनिटांत भात. भज्यांचं पीठ कालवून ठेवू नका, डाळीचं पीठ कोरडंच राहू दे.

आणि आग्रह करायचाच असेल तर दुसऱ्या वाढपाला करा. पहिल्या वाढपाला अर्धी पोळी, डावभर आमटी, डाव्या बाजूला चमचा-चमचा. ताटात टाकलेलं कोणाच्याच उपयोगाचं नाही, पातेल्यात राहिलेल्याचं पुष्कळ काही होतं.

ओली वाटी
उकडीच्या मोदकांचंही लिहा ना. दरवर्षी एकतर सारण उरतं नाहीतर उकड.

खवणी
२१ मध्यम मोदकांना दोन मध्यम नारळ, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम चव (खवलेलं ओलं खोबरं), त्याला पाऊण वजनाच्या आतबाहेर गूळ; आणि दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी. नारळ लहान निघाला तर उकड उरते. तिच्या निवगऱ्या करायच्या: हिरवी मिरची, जिरं, मीठ वाटून उकडीत मळायचं, कोथिंबीर, छोट्या थापट्या, मोदकांच्याच चाळणीत ८-१० मिनिटं. गोड खाऊन कंटाळलेली माणसं मोदकांआधी याच संपवतात. सारण उरलं तर कढईत आणखी परतून कोरडं करा आणि करंज्या किंवा वड्या. ओलसर सारण बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आंबूस लागतं, कारण ओल्या खोबऱ्याला टिकण्याचं अंगच नाही. केलेले मोदक त्याच दिवशी खाऊन संपवा. उरलेच तर गार झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात पाच मिनिटं वाफ.

पुरण: उलथनं उभं राहील इतकं घट्ट आटवलेलं असेल तर पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये दोन महिने छान राहतं. सैल पुरण वितळताना पाणी सोडतं. परत आटवून घ्यावं लागतं. पंचामृत देवाला वाहण्याआधीच निम्मं वेगळ्या वाटीत काढा. अभिषेकाचं, ज्यात फुलं-गंध पडलंय, ते उरतं आणि टाकलं जातं. स्वच्छ उरलेल्यात कणीक भिजवा, गोड पुऱ्या खुसखुशीत होतात. पंचामृत तुळशीच्या कुंडीत ओतू नका. दूध-मधाला मुंग्या लागतात, मातीवर बुरशी धरते.

आडकित्ता
भाताचं एक मी जोडतो. उरलेला भात दुपारभर ओट्यावर आणि रात्री फोडणी, हे थांबवा. भातात असलेल्या एका जिवाणूची बीजुकं शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात रुजतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीच्या आचेनं जात नाही, म्हणून 'नीट गरम केला होता' या म्हणण्याला अर्थ नसतो. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर मधला भात कित्येक तास कोमटच राहतो. परातीत दोन बोटं जाडीचा पसरा, पंख्याखाली गार करा, मग उथळ डब्यांत भरा. कुणाला द्यायचं असेल तरी हेच घड्याळ. पंगत उठल्यावर गप्पा मारून संध्याकाळी पाच वाजता वॉचमनला भात देणं म्हणजे आपला कचरा त्याच्या डब्यात टाकणं.

ओली वाटी
शेवटचं वाक्य कडक, पण बरोबर.
ओटीत आणि पूजेत आलेले नारळ? दहा-बारा सहज जमतात.

खवणी
शेंडी काढू नका. शेंडीखाली डोळे झाकलेले असतात. ते उघडे पडले की तिथूनच बुरशी आत जाते. शेंडीसकट, हवेशीर टोपलीत, एकमेकांवर न रचता महिनाभर राहतात. कलशावरचा नारळ मात्र पहिल्यांदा फोडा, तो दहा दिवस ओलीवर बसलेला असतो. कानाशी हलवून बघा. पाणी डुचमळतंय आणि डोळे कोरडे आहेत तो ठेवणीतला. डोळ्यांपाशी ओल किंवा काळसर डाग असेल तो आजच फोडायचा.

फोडलेले एकदम चार-पाच असतील तर खवून, पिशवीत बोटभर जाडीचा थर चपटा दाबून फ्रीझरमध्ये. गोळा करून ठेवलात तर लागेल तेव्हा तुकडा निघत नाही, अख्खा गोळा वितळवावा लागतो. दूध काढलेला चोथा टाकू नका; मंद आचेवर बदामी परतून लसूण-तिखट घातलं की चटणी. करवंटी खताच्या बादलीत घालू नका, वर्षभरात तिला ओरखडाही उठत नाही.

ओटीचे तांदूळ हळदकुंकवाच्या अक्षतांत मिसळलेले असतील तर पाखरांना. कोरे असतील तर धुवून, वाळवून पिठी करा, पुढच्या मोदकांना.

चुनखडी
मूर्तीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. शाडूची असेल तर प्रश्न सोपा, पण पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) असेल तर नुसत्या पाण्यात महिने गेले तरी ती विरघळत नाही. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं घरच्या बादलीत करता येईल अशी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली आणि पुणे महापालिका गणपतीत ही पावडर वाटत आली आहे. पद्धत चांगली आहे, माणसं प्रमाणात चुकतात.

मूर्तीच्या वजनाइतकी पावडर. २ किलोची मूर्ती तर २ किलो. पाणी निदान १० लिटर, कारण एक लिटर पाण्यात २०० ग्रॅमच्या आसपासच पावडर विरघळते. कमी पाण्यात बुडाशी साखरेसारखी बसून राहते. पाणी गार घ्या. गरम पाण्यानं काम लवकर होईल असं वाटतं, होतं उलटं: पावडर पाण्यातच फुटून अमोनिया उडून जातो आणि डोळे चुरचुरतात. बादली गॅलरीत, झाकण सैल. आतून वायू येत असतो, घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये हा उद्योग नको.

मूर्ती बुडाली की पृष्ठभागावर खडूचा पांढरा थर धरतो. तो तसाच राहिला की आतल्या प्लास्टरपर्यंत पाणी पोचत नाही आणि लोक म्हणतात 'दोन दिवस झाले, नुसती फेसाळतेय'. दर दोन-तीन तासांनी काठीनं ढवळा, थर खरवडा. ४८ तासांत मऊ होऊन कोसळते. ऑइलपेंटनं जाड रंगवलेली असेल तर आधी रंग खरवडावा लागतो.

खाली बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, २ किलोच्या मूर्तीतून किलोच्या थोडा वर. वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेटचं द्रावण, खत.

माळीबुवा
त्या खतानं लोकांच्या कुंड्या जळतात, ते का ते सांगा.

चुनखडी
कारण ते फार तीव्र असतं. २ किलो मूर्तीमागे सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट तयार होतं, ते १० लिटरमध्ये. म्हणजे लिटरला दीडशे ग्रॅम! कुंडीला लिटरमागे दीड ग्रॅम पुरतं. शंभर पट पातळ करा: १५ लिटरच्या बादलीत एक वाटी, साधारण १५० मिली. हिशोबानं १० लिटरचं १००० लिटर होतं, तेवढ्या कुंड्या कोणाच्याच घरी नसतात. सोसायटीच्या हिरवळीला, नारळाच्या आळ्याला, कॅनमध्ये भरून शेजाऱ्यांना. रंगवलेल्या मूर्तीचं पाणी भाजीपाल्याला घालू नका.

दुकानात 'अमोनिया द्या' म्हटलं की पुष्कळदा नवसागर हातात येतो. तो अमोनियम क्लोराइड, त्यानं काही होत नाही. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो बिस्किटांचा अमोनिया, तो हवा. खाण्याच्या सोड्यानंही मूर्ती फुटते, पण मग पाण्यात सोडियम सल्फेट उरतं आणि ते मातीचं नुकसान करतं.

काळी माती
शाडूची बादली सोपी आहे, पण तिथेही एक हौस नडते. मूर्ती पूर्ण वाळलेली असावी. ओलसर असेल तर गोळाच राहतो, खडखडीत वाळलेली पाणी पिऊन आपोआप ढासळते. रात्रीत किंवा फार तर दिवसभरात. मग 'बाप्पा आमच्या कुंडीतच' म्हणून तो गाळ थेट कुंडीत ओततात. शाडू इतका बारीक असतो की वाळल्यावर तळीसारखा घट्ट बसतो, पाणी वर तुंबतं, मुळं गुदमरतात. दहा भाग मातीला एक भाग, त्याहून जास्त नको. बाकीचा गाळ निवळू द्या, वरचं पाणी काढा, जुन्या धोतरावर पसरून वाळवा आणि वडी करून ठेवा. पुढल्या वर्षी त्याचीच मूर्ती होते. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. शाडूही जमिनीतून खणूनच येतो, दरवर्षी नवा कशाला?

दूरदेशी
परदेशातल्यांसाठी एक ओळ: बाथटबमध्ये किंवा सिंकमध्ये विसर्जन करू नका. शाडू पाइपच्या वळणात बसतो आणि प्लंबर बोलवावा लागतो. बादली, आणि वरचं निवळलेलं पाणी तेवढं ओता.

पाणकणीस
मखराचं काय? थर्माकोल तर बंदच आहे.

शेवरी
राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. पण त्याच्या जागी 'पर्यावरणपूरक' म्हणून जी फोमशीटची आणि सनपॅकची मखरं विकतात तीही प्लास्टिकच. पाच-सहा वर्षं जपून वापरणार असाल तर घ्या, नाहीतर पुठ्ठा आणि साडी. पुठ्ठा गोंदानं न चिकटवता खाचा पाडून एकमेकांत अडकवा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तोच फाडून निर्माल्याच्या बादलीत जातो, अंगणवाटांचा पाल्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

अंगणवाट
सोनेरी रंग मारलेला पुठ्ठा चालेल का?

शेवरी
नाही. सोनेरी बाजू सोलून निघाली तर मागचा तपकिरी घाला. सोलायला पुठ्ठा तासभर पाण्यात भिजवा, कडेपासून सुटतो.